दोन आणि एक मिळून दोन

नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक ओळ हमखास असते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होते, ती. इथे सगळे देवनागरीतच लिहायची माझी सवय, म्हणून ती अशी लिहितो:

२ एच२ + ओ२ → २ एच२ओ

अक्षराच्या आधीचा २ मोठा, आणि अक्षराच्या मागचा २ लहान, पायाशी बसलेला, असे समजून वाचावे.

एवढ्याशा ओळीत २ हा आकडा पाच वेळा आला आहे. त्यातले दोन मोठे आणि तीन लहान. वर्गात नियम सांगतात की समीकरण संतुलित करताना मोठा आकडा बदलला तर चालतो, लहान आकड्याला हात लावायचा नाही. का नाही? तर नाही. आम्ही साठच्या दशकात शिकलो तेव्हाही उत्तर हेच होते, "पाठ करा." मी पाठ केले, मार्कही मिळाले, आणि पुढे आर्ट्सला गेलो. मराठी माध्यमातून बी.ए. केले, नोकरीभर मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाकडे पाठ फिरवण्याची कारणे अनेक होती, पण ज्या विषयातल्या खुणांचा अर्थ कोणी सांगत नाही तो विषय आपला नव्हे, असे मनाने घेतले होते हे त्यातले एक. माझ्यासारखी शेकडो मुले नंतर माझ्याच वर्गात बसून गेली.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा इतिहासाच्या दाराने या विषयात शिरलो. तेव्हा कळले की तो पायाशी बसलेला लहान २ ठरवायला जगातल्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना पन्नास वर्षे लागली होती. म्हणजे आमच्या गुरुजींनी "पाठ करा" म्हटले त्यात त्यांचा तरी काय दोष! असो. ती पन्नास वर्षांची गोष्ट आज सांगायची आहे. मात्र आधी थोडे गणिताकडे जाऊन येऊ, कारण खुणांचा संसार तिथे आधी सुरू झाला.

गणितातली चिन्हे आपल्याला आकाशातून पडल्यासारखी वाटतात. अधिक म्हणजे फुली, उणे म्हणजे आडवी रेघ, हे जणू सृष्टीपासून ठरलेले. पण पेशावरजवळ बख्शाली गावी १८८१ मध्ये एक जुने भूर्जपत्रावरचे गणिताचे हस्तलिखित सापडले. त्यात आकड्याच्या मागे + अशी खूण आहे, आणि तिचा अर्थ आहे ऋण! आपण जिला अधिक म्हणतो तीच खूण तिथे उण्याची. आपल्या भास्कराचार्यांच्या परंपरेत ऋण संख्या दाखवायला आकड्याच्या डोक्यावर टिंब देत. युरोपात + आणि − ही चिन्हे छापलेली प्रथम दिसतात ती १४८९ साली, लाइपझिगला छापलेल्या योहान्नेस विडमनच्या व्यापारी गणिताच्या पुस्तकात. मालाची भर आणि तूट दाखवण्यासाठी ती वापरलेली आहेत.

बरोबरीचे चिन्ह त्याहून नवे. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्याने १५५७ च्या पुस्तकात दोन समांतर रेघा वापरल्या. कारणही दिले. दोन सारख्या लांबीच्या समांतर रेघांइतके एकमेकींसारखे दुसरे काय असणार, असा त्याचा विचार. "बरोबर आहे" हे शब्द पुन्हापुन्हा लिहिण्याचा त्याला कंटाळा आला होता. बिचारा पुढच्याच वर्षी कर्जापायी तुरुंगात मेला, आणि त्याच्या दोन रेघा मात्र जगभर झाल्या.

आपल्याकडे या रेघा नव्हत्या, तरी समीकरण होते. हा शब्दच आपला जुना आहे, आणि त्याचा अर्थ "सारखे करणे". (हल्ली वर्तमानपत्रात तो सत्तेच्या संदर्भातच जास्त भेटतो, ते सोडा.) बाराव्या शतकात, ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी बीजगणित लिहिले. त्यात अज्ञात राशीला "यावत्तावत्" म्हणतात, म्हणजे "जितके असेल तितके", आणि थोडक्यात "या" लिहितात. अज्ञात राशी एकाहून जास्त असतील तर त्यांना रंगांची नावे: काळक, नीलक, पीतक, म्हणजे का, नी, पी. ज्ञात संख्येला "रू", म्हणजे रूप. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडायच्या. एका संख्येची तिप्पट अधिक पाच बरोबर वीस, हे असे लिहायचे:

या ३ रू ५
या ० रू २०

बरोबरीचे चिन्ह नाही, अधिकाचे नाही, पण जाणकाराला सारे स्पष्ट. चाळीसगावजवळ पाटण येथे देवळात एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना "या" म्हणजे काय आणि "रू" म्हणजे काय हे कोणीतरी पहिल्या दिवशी सांगितलेच असणार.

मुद्दा असा, की चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो, तो माणसे ठरवतात. आणि ठरवताना नुसता आकार नव्हे तर जागाही पाहतात. २ हा आकडा एककाच्या घरात दोन असतो आणि दशकाच्या घरात वीस. हे तर आपण पहिलीत शिकतो. बीजगणितात अक्षराच्या आधी २ लिहिला की तो सहगुणक, म्हणजे "त्याची दुप्पट". तोच लहान करून अक्षराच्या डोक्यावर बसवला की घातांक, म्हणजे "त्याचा वर्ग". ही डोक्यावरच्या आकड्याची पद्धत फ्रान्सच्या देकार्तने १६३७ मध्ये रूढ केली. अक्षर पाचासाठी असेल तर दुप्पट दहा आणि वर्ग पंचवीस. आकडा तोच, जागा बदलली की अर्थ बदलला.

आता रसायनशास्त्र.

जॉन डाल्टन हा इंग्लंडमधल्या एका विणकराचा मुलगा. वयाच्या बाराव्या वर्षीच तो शाळेत शिकवू लागला होता, आणि पुढे मँचेस्टरला शिकवण्या करून पोट भरत असे. प्रत्येक मूलद्रव्याचा अणू वेगळ्या वजनाचा असतो आणि अणू ठरावीक प्रमाणात जोडले जातात, हा विचार त्याने १८०८ च्या पुस्तकात मांडला. त्याने अणूंसाठी वर्तुळे काढली. मोकळे वर्तुळ म्हणजे ऑक्सिजन, मधोमध टिंब असलेले हायड्रोजन, पूर्ण काळे ते कार्बन. दिसायला सुरेख, पण छापखान्याची पंचाईत.

त्यावर १८१३-१४ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने तोड काढली. मूलद्रव्याच्या लॅटिन नावाचे पहिले अक्षर घ्यायचे, गोंधळ होत असेल तर त्याला आणखी एक जोडायचे. म्हणून लोखंडाला "एफ-ई" (फेरम), सोन्याला "ए-यू" (ऑरम), सोडियमला "एन-ए" (नेट्रियम). "सोडियमच्या स्पेलिंगमध्ये एन आहे कुठे?" असे मुले विचारतात, त्याचे उत्तर हे. डाल्टनला ही अक्षरे अजिबात आवडली नाहीत. विद्यार्थ्याने ती शिकणे म्हणजे हिब्रू शिकण्यासारखेच, असा त्याचा त्रागा होता. पण अक्षरे टिकली, कारण ती कुठल्याही छापखान्यात होती.

बर्झेलियसचे अक्षर नुसते नाव नव्हते. एक अक्षर म्हणजे त्या मूलद्रव्याचा एक वाटा, ठरावीक वजनाचा. दोन वाटे असतील तर २ लिहायचा. हा २ बर्झेलियसने अक्षराच्या डोक्यावर लिहिला! म्हणजे दिसायला अगदी वर्ग, आणि अर्थ मात्र "दोन नग". जर्मनीत लीबिगने १८३४ च्या सुमारास तो खाली पायाशी आणला, आणि फ्रान्समधले लोक नंतरही बराच काळ डोक्यावरच लिहीत राहिले.

पण तो आकडा डोक्यावर की पायाशी हा प्रश्न सोपा होता. मुळात तिथे १ लिहायचा की २, हा खरा प्रश्न होता.

तो समजायला एक घरगुती उदाहरण घेऊ. समजा, आपल्याला एक बंद पोते दिले. आत पेढे आणि नारळ आहेत. पाहता येत नाही, मोजता येत नाही, पण सगळ्या नारळांचे मिळून वजन सगळ्या पेढ्यांच्या आठपट आहे एवढे कळले. एक नारळ एका पेढ्याच्या किती पट जड? सांगता येणार नाही. एका नारळामागे एक पेढा असेल तर आठपट. एका नारळामागे दोन पेढे असतील तर सोळापट. जोड्या कशा आहेत ते कळल्याशिवाय वजन नाही, आणि वजन कळल्याशिवाय जोड्या नाहीत.

पाण्याचे नेमके हेच होते. पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे आठपट वजनाचा ऑक्सिजन असतो. (डाल्टनच्या १८०८ च्या तक्त्यात सात आहे, मोजमापे तेव्हा तितकी नेमकी नव्हती.) डाल्टनने सोपा मार्ग धरला. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल तर ते एकास एकच मानावे, असा त्याने नियम केला. म्हणून त्याचे पाणी "एच-ओ". लहान २ नाहीच.

त्याच सुमारास, १८०८-०९ मध्ये, फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक वायूंची वजने नव्हे तर आकारमाने मोजत होता. दोन मापे हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांची वाफ किती होते? दोन मापे. दोन अधिक एक बरोबर दोन! पहिलीतल्या मुलाने असे लिहिले असते तर आम्ही लाल फुली मारली असती.

पण प्रयोग खोटे बोलत नव्हता. आता विचार करा. प्रत्येक मापात सारखेच कण असतात असे धरले, तर ऑक्सिजनच्या शंभर कणांपासून पाण्याचे दोनशे कण झाले. प्रत्येक पाण्यात ऑक्सिजन तर हवाच. म्हणजे शंभर कण दोनशेंना वाटले. प्रत्येकाला अर्धा! अणू तर फुटत नाही, हा डाल्टनच्या विचाराचा पाया. म्हणून डाल्टनने गे-ल्युसॅकच्या मोजमापांवरच शंका घेतली.

तुरिनच्या अवोगाद्रोने १८११ मध्ये वाट दाखवली. हा माणूस मुळात कायदा शिकलेला. तो म्हणाला, मापात सारखेच कण असतात हेही खरे, आणि अणू फुटत नाही हेही खरे. फक्त ऑक्सिजनचा वायूतला कण म्हणजे एक अणू नव्हे, ती दोघांची जोडी आहे. जोडी सुटते आणि एकेक जण एकेका पाण्यात जातो. अणू आणि रेणू हा भेद इथून आला. आपल्या मराठीत यासाठी दोन छान वेगळे शब्द आहेत. (हिंदीत मात्र परमाणु आणि अणु म्हणतात, म्हणजे आपला रेणू तो त्यांचा अणू. बदलीच्या नोकरीवाल्यांच्या मुलांची यात फार ओढाताण होते.)

वरच्या ओळीतला "ओ२" म्हणजे ती जोडी. रेणू तीनाचे दोन झाले तरी अणू तेवढेच राहिले. डावीकडे हायड्रोजनचे चार आणि ऑक्सिजनचे दोन, उजवीकडेही चार आणि दोन. माणसे तेवढीच, फक्त बिऱ्हाडे बदलली.

हे इतके सरळ असून कोणी ऐकले नाही. बर्झेलियसचे मत असे की अणू विरुद्ध विद्युतभारामुळे जोडले जातात, मग दोन सारखे अणू एकमेकांना धरतीलच कसे? बर्झेलियसचा दबदबा मोठा. अवोगाद्रो १८५६ मध्ये गेला, तोवर त्याच्या कल्पनेला मान्यता मिळालेली नव्हती.

मधल्या काळात गोंधळ किती माजला? कोणी ऑक्सिजनचे वजन ८ धरी, कोणी १६. कार्बन कोणाचा ६, कोणाचा १२. त्यामुळे एकाच पदार्थाचे सूत्र प्रत्येकाचे निराळे. केकुलेने १८६१ च्या आपल्या पुस्तकात अॅसेटिक आम्लाची, म्हणजे साध्या व्हिनेगरमधल्या आंबटपणाची, वेगवेगळ्या लोकांनी दिलेली १९ सूत्रे छापली आहेत. एकच अक्षर दोन प्रयोगशाळांत दोन वजने सांगत होते. मग लिहून उपयोग काय?

शेवटी ३ सप्टेंबर १८६० रोजी जर्मनीतल्या कार्ल्सरुह गावी युरोपभरचे शंभरावर रसायनशास्त्रज्ञ जमले. तीन दिवस चर्चा झाली. निष्पन्न काय? फारसे काही नाही. शास्त्रातले प्रश्न मतदानाने सुटत नाहीत, असाच सूर निघाला. आपल्याकडच्या शिक्षण परिषदा आठवाव्यात.

परिषद संपून लोक निघाले तेव्हा पावेसी नावाच्या इटालियन प्राध्यापकाने एक पातळशी पुस्तिका वाटली. ती होती त्याचा मित्र स्तानिस्लाओ कानिझ्झारो याची. हा सिसिलीचा. १८४८ च्या उठावात भाग घेतला, उठाव फसल्यावर फाशीची शिक्षा चुकवून फ्रान्सला पळाला, आणि पुढे जेनोव्हाला रसायनशास्त्र शिकवू लागला. पुस्तिका १८५८ मधली. तिच्यात नवा शोध नव्हता. एका मित्राला पत्र लिहून "मी माझ्या विद्यार्थ्यांना हा विषय कोणत्या क्रमाने शिकवतो" एवढेच त्याने सांगितले होते. आपल्या भाषेत म्हणायचे तर पाठाचे टाचण!

त्या टाचणातली युक्ती पाहा. समजा एखाद्याच्या खिशातल्या चिल्लरीत सगळी नाणी एकाच किमतीची आहेत. आज खिशात ५ रुपये निघाले, उद्या १०, परवा १५, पण अडीच किंवा साडेसात कधीच नाहीत. तर नाणे ५ रुपयांचे आहे, हे खिसा न उघडताही कळते. कानिझ्झारोने तसेच केले. अवोगाद्रोचे म्हणणे मान्य केले की वायूच्या घनतेवरून रेणूचे वजन काढता येते. मग ऑक्सिजन असलेली अनेक संयुगे घेऊन प्रत्येकाच्या एका रेणूत ऑक्सिजनचे वजन किती ते पाहायचे. हायड्रोजनचा अणू १ धरला तर पाण्यात १६, कार्बन मोनॉक्साइडमध्ये १६, कार्बन डायऑक्साइडमध्ये ३२, सल्फर ट्रायऑक्साइडमध्ये ४८. आठ कुठेच येत नाही. म्हणजे ऑक्सिजनचे नाणे १६ चे. मग पाण्यात एका ऑक्सिजनमागे हायड्रोजन दोन असलेच पाहिजेत. पोते न उघडता पेढे मोजून झाले!

जर्मनीच्या लोथार मायरने ती पुस्तिका परतीच्या वाटेवर वाचली आणि आपल्या शंका कशा फिटल्या ते पुढे लिहून ठेवले. परिषदेला रशियाचा तरुण मेंडेलीव्हही हजर होता. त्याने १८६९ मध्ये मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली, ती अणुवजनांच्या आधारावर. वजनेच चुकीची असती तर ती सारणी जुळलीच नसती.

आता "लहान आकड्याला हात लावायचा नाही" याचे उत्तर देता येते. लहान आकडा पदार्थ काय आहे ते सांगतो आणि मोठा आकडा त्याचे किती नग आहेत ते सांगतो. समीकरण जुळत नाही म्हणून पाण्याच्या ओ ला पायाशी २ जोडला, तर हिशेब जुळेल, पण ते पाणी राहणार नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइड होईल, जखमेवर टाकले की फसफसते ते. कार्बन डायऑक्साइडच्या ओ खालचा २ काढला तर कार्बन मोनॉक्साइड. पहिला आपण प्रत्येक उच्छ्वासात सोडतो. दुसरा बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेल्यांचे प्राण घेतो, वासही येत नाही. एका लहान २ चा फरक.

आणि त्या ओळीतले + हे चिन्ह बेरजेचे नाही, "आणि" या शब्दाचे आहे. बाणाचा अर्थ "बरोबर" नसून "पासून होते" असा आहे. पूर्वी तिथे रेकॉर्डच्या दोन रेघाच लिहीत. क्रिया उलटसुलट दोन्हीकडे चालते हे दाखवायला व्हांट हॉफने १८८४ मध्ये दोन दिशांचे बाण वापरले. तरीही समीकरण हे नाव योग्यच आहे. दोन्हीकडचे अणू मोजून "सारखे करायचे" असतात, आणि ते करायचे साधन म्हणजे मोठा आकडा.

एवढे सांगायला वर्गात किती वेळ लागेल? माझ्या हिशेबाने दोन तास. अभ्यासक्रमात ते दोन तास मिळत नाहीत, ही अडचण मला चांगली ठाऊक आहे. पण पन्नास वर्षांचे भांडण ज्या कागदाने मिटवले तो एका शिक्षकाच्या पाठाचा आराखडा होता, हे कळल्यापासून मला आपल्या पेशाबद्दल थोडे जास्त बरे वाटते.

घरात नववीचे कोणी असेल त्यांच्यासाठी एक करून पाहण्यासारखे. चार वाटाणे आणि दोन शेंगदाणे घ्या. वाटाण्यांच्या दोन जोड्या, शेंगदाण्यांची एक जोडी, अशा ताटात मांडा. आता मुलाला म्हणा, यातून दोन वाटाणे आणि एक शेंगदाणा असे "पाणी" कर. किती पाणी झाले ते त्यालाच मोजू द्या, आणि काही उरले का तेही. मग वही उघडून ती ओळ वाचायला सांगा. माझ्या नातीने केले, आणि नंतर पुरावा खाऊन टाकला.